दशावतार बघून आल्यावर: दिलीप प्रभावळकरांच्या भूमिकांबद्दल बोलूया

गवतीचहा

शेवटी दशावतार बघितला, उशिराच. थिएटरला जमलं नव्हतं. सिनेमा कसा आहे यावर आधीच दोन धागे पळतायत त्यामुळे ती चर्चा प्लीज तिकडेच करा. मला बोलायचंय ते बाबुली मेस्त्रीबद्दल, म्हणजे खरं तर प्रभावळकरांबद्दल. जन्म १९४४ चा, सिनेमा आला २०२५ च्या सप्टेंबरात, म्हणजे ८१ पूर्ण. या वयात अख्खा सिनेमा त्यांच्या खांद्यावर आहे आणि पोस्टरवर तेच आहेत, हे मराठीत याआधी कधी झालंय का?

तर मुद्दा. यांच्याबद्दल बोलायला लागलं की लोक ठरलेलं वाक्य टाकतात, 'काय हरवून जातो हो माणूस भूमिकेत, ओळखूच येत नाही'. आणि मग श्रेय जातं विगला, दातांना, मिशीला. मला हे पटत नाही. मेकअप काढून टाका, नुसता आवाज बंद करून क्लिप बघा, नाहीतर उलट चित्र बंद करून नुसता आवाज ऐका, तरी कळतं की चिमणराव वेगळा, आबा टिपरे वेगळा, तात्या विंचू वेगळा. दुसरं असं की या माणसाला हिरोचा चेहरा नव्हता, ८०च्या दशकात मराठी सिनेमा ज्या जोरावर चालला ती अशोक सराफ-लक्ष्याची गाडी यांच्यासाठी थांबली नाही, मग यांनी काय केलं तर स्वतःसाठी भूमिका स्वतःच लिहिल्या. माझ्या मते ही करिअरची खरी गोष्ट आहे, मेकअप नाही. बोला.

नेहमीचाच

पहिला नंबर माझा. बाकी नंतर सविस्तर लिहितो (दरवेळी असंच म्हणतो आणि लिहीत नाही, माहितीये).

तिसरी_घंटा

गवतीचहा, अर्धं पटलं. मी राज्य नाट्य स्पर्धेत बॅकस्टेज भरपूर केलंय त्यामुळे मेकअपला असं झटकून टाकलेलं आवडलं नाही :) पण तुमचा मुद्दा कळला.

'हसवा फसवी' घ्या. एकच माणूस सहा भूमिका करतो. प्रेक्षक खुर्चीत बसतानाच हे माहीत असतं, जाहिरातच तशी होती. म्हणजे ओळखू न येणं हा तिथे मुद्दाच नाही, उलट 'हा तोच आहे' हे माहीत असून आत्ता समोर आलाय तो कोण, यात मजा. आता विंगेत काय होत असेल विचार करा. मधे सूत्रसंचालक जोडी स्टेज सांभाळतेय, तेवढ्यात आधीचा विग उतरवायचा, स्पिरिट गमने चिकटवलेली मिशी ओढून काढायची (चामडी सोलल्यासारखं होतं, घाम असेल तर नवी चिकटत नाही), कपडेपटवाला बाही धरून उभा, कोणीतरी खाली बसून बूट चढवतंय. आणि या सगळ्या धावपळीतून बाहेर यायचं ते कृष्णराव हेरंबकर म्हणून, थकलेला, थरथरता, वय झालेला संगीत नाटकातला गायक नट. श्वास वर चाललेला असताना म्हाताऱ्याचा संथ श्वास दाखवायचा. हे मेकअपने होत नाही. ज्यांनी कधी क्विक चेंज केलाय त्यांना विचारा.

शेकडो प्रयोग केले असे, आणि शरीराला झेपेना तेव्हा चालू असलेलं नाटक थांबवलं. नंतर पुष्कर श्रोत्रीने केलं ते, तोही चांगला करायचा.

आणि हो, ते नाटक लिहिलंय प्रभावळकरांनीच. तेव्हा तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला माझं +१.

माईची_नात

टिपरे!!! टिपरेंचं नाव आलं की मी येणारच.

श्रीयुत गंगाधर टिपरे २००१ ला सुरू झाली तेव्हा सासू-सून रडारड जोरात होती, आणि ही सिरीयल आठवड्यातून एकदाच यायची तरी लोक वाट बघायचे. भांडण नाही, कट नाही, एका मध्यमवर्गीय घरातले आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं, बास. बऱ्याच जणांना माहीत नसतं की ती 'अनुदिनी' वरून घेतलीय, आणि अनुदिनी म्हणजे त्या घरातल्या माणसांच्या डायऱ्या. म्हणजे प्रभावळकरांनी आबांची पण डायरी लिहिली, शेखरची पण, श्यामलाची पण, शलाका नि शिऱ्याची पण. कॉलेजातल्या मुलीच्या डोक्यात काय चालतं आणि ऑफिसातून वैतागून आलेल्या बापाच्या डोक्यात काय चालतं हे सगळं आधी कागदावर खेळून झालं आणि मग पडद्यावर येताना स्वतः घेतली फक्त आजोबांची भूमिका. बाकीच्यांच्या वाट्याला ते आधीच जाऊन आलेले होते. म्हणून मला वाटतं राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक सगळे इतके घरातले वाटले, कारण आबा प्रत्येकाकडे 'मला माहितीये तुझं काय चाललंय' अशा नजरेने बघतात.

आणि आबांचं ऐकून घेणं बघा. डायलॉग नसताना ते जे करतात ते. आमच्या घरी माई म्हणायची, आजोबा असावा तर असा, आणि मग अण्णांकडे बघायची :ड

शिवडी_लोकल

एक मिनिट एक मिनिट. सगळेच आरती ओवाळायला लागले म्हणून जरा विरोध.

८०च्या दशकात गाडी थांबली नाही वगैरे ठीक आहे, पण कामं मिळत नव्हती असं चित्र उभं करू नका. 'एक डाव भुताचा' १९८२ चा, त्यात अशोक सराफ भूत आणि मास्तर कोण? प्रभावळकर. त्याआधी दूरदर्शनवर चिमणराव-गुंड्याभाऊ करून घराघरात पोचलेले होते. चि. वि. जोशींचा चिमणराव म्हटलं की अजूनही आमच्या पिढीच्या डोळ्यासमोर हेच येतात आणि शेजारी बाळ कर्वे. (कर्वे गेले २०२५ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होते. तेही जन्मभर गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखले गेले, हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

तर माझं म्हणणं उलट आहे. धोका काम न मिळण्याचा नव्हता, चिमणराव होऊन बसण्याचा होता. एवढी लोकप्रिय भूमिका एकदा चिकटली की पुढची वीस वर्षं सगळे तेच मागतात. त्या काळात टीव्हीवरून चिकटलेले किती जण सुटले सांगा. हा माणूस सुटला, कारण एकीकडे रत्नाकर मतकरींचं, दुसरीकडे जयवंत दळवींचं नाटक चालू होतं. लिहिणं हे एक कारण झालं, पण नाटककार नशिबाने चांगले मिळाले हेही कारण आहे, ते विसरू नका.

गवतीचहा

@शिवडी_लोकल, चिमणराव होऊन बसण्याचा धोका, हा मुद्दा आवडला. पण मग गंमत बघा, हसवा फसवीत त्यांनी स्वतःच चिमणरावाला परत आणून सहातला एक करून टाकला. चिकटलेली भूमिका टाळली नाही, शोकेसमधे लावली आणि शेजारी अजून पाच ठेवल्या.

मतकरींबद्दल कोणीतरी लिहा ना सविस्तर. मला फक्त अलबत्या गलबत्यातली चेटकीण माहितीये, तीही ऐकून. आम्ही वैभव मांगलेवाली पाहिली.

जुना_पार

मतकरी आलेच आहेत तर. चेटकीण मूळ प्रभावळकरांची. बालनाट्यात काम केलेला नट ओळखू येतो असं माझं ठाम मत आहे. पोरं टाळ्या वाजवायच्या म्हणून वाजवत नाहीत, कंटाळली तर सरळ बोलायला लागतात, पाणी मागतात, रडतात. त्यांना धरून ठेवायचं तर शरीर आणि आवाज पूर्ण वापरावाच लागतो, आणि खोटं केलेलं लगेच पकडलं जातं. तात्या विंचू कुठून आला असं विचारलं तर मी म्हणेन चेटकिणीतून आला.

पण त्याच मतकरींचं 'आरण्यक' पण आहे. महाभारत युद्धानंतर धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर वनात जातात त्यावर. सत्तरच्या दशकातलं नाटक. त्यात प्रभावळकर विदुर होते, तिशीतला पोरगा म्हाताऱ्या विदुराचं काम करतोय. आणि मग चाळीसेक वर्षांनी मतकरींनी तेच नाटक परत उभं केलं तेव्हा परत तेच विदुर, रवी पटवर्धन परत धृतराष्ट्र. आता सगळे खरंच त्या वयाचे झालेले. मी दुसरं पाहिलं, पहिलं बघण्याइतका जुना नाही (आयडीवर जाऊ नका). पटवर्धनांचा आवाज सभागृह भरून टाकायचा आणि हा विदुर त्याच्यासमोर आवाज चढवत नव्हता, हळू, सरळ, कोरडं बोलत होता, तरी शेवटच्या रांगेत शब्द न शब्द. चेटकीण आणि विदुर एकाच लेखकाच्या, एकाच नटाकडून. अजून काय पुरावा पाहिजे.

शिवडी_लोकल

तेच तर म्हणतोय मी, नाटककार चांगले मिळाले.

दळवींचं 'नातीगोती' पण घ्या. मतिमंद मुलाचा बाप, काटदरे. मुलगा बच्चू म्हणजे अतुल परचुरे (तोही गेला २०२४ ला, फार लवकर). विषय इतका अवघड की जरा पाय घसरला तर नुसती रडारड होईल. बापाचं प्रेम पण आहे, कंटाळा पण आहे, थकवा आहे, आणि 'आमच्यानंतर याचं काय' ही भीती पूर्ण नाटकभर मागे उभी आहे. आणि लक्षात घ्या, साधारण त्याच सुमाराला, १९९१ ला, चौकट राजा आला. तिथे हेच स्वतः नंदू, म्हणजे अपघाताने वाढ थांबलेला मुलगा. म्हणजे संध्याकाळी नाटकात त्या मुलाचा बाप करून झालेला माणूस सिनेमात मुलगा करतोय. मला वाटतं नंदू इतका खरा झाला त्याचं कारण हे आहे. त्यांनी तो प्रश्न घरातल्या दुसऱ्या खुर्चीवरून आधी बघितलेला होता.

माईची_नात

बापरे हे कधी असं जोडून बघितलंच नव्हतं. चौकट राजा मी अजूनही पूर्ण बघू शकत नाही, सुलभाताई देशपांडे आई आहेत त्यात, त्या नंदूकडे बघतात तिथेच मी उठते.

अजून एक, नंदू मुळात यांना मिळालेला नव्हता, परेश रावळ करणार होते आणि हे गणा करणार होते ना? मग रावळ नाही म्हटल्यावर हे नंदू झाले आणि गणा गेला अशोक सराफकडे.

शिवडी_लोकल

हो, असंच. आणि सराफांचा गणा पण काय आहे! आदलाबदल झाली म्हणून दोन्ही भूमिका सुधारल्या असं क्वचित होतं.

ओट्यावरचा

एवढं वाचलं, कोणी तात्या विंचूवर नीट बोलेना म्हणून लॉगिन केलं.

झपाटलेला १९९३. प्रत्यक्ष प्रभावळकर त्यात किती वेळ आहेत? सुरुवातीला, मग गोळी लागते आणि जीव जातो बाहुल्यात. त्यापुढचा सिनेमा म्हणजे रामदास पाध्येंचा बाहुला, लक्ष्या आणि कोठारे. पण ती सुरुवातीची थोडीशी मिनिटं इतकी घाणेरडी भीतीदायक आहेत (कौतुकाने म्हणतोय) की पुढे लाकडाचा बाहुला नुसता मान वळवतो तरी आपण त्यात त्या माणसालाच बघत राहतो. ओम फट स्वाहा हे आमच्या चाळीत पोरं एकमेकांच्या डोक्याला हात लावून म्हणायची आणि लहान भाऊ खरंच आठ दिवस संडासला एकटा गेला नाही. कमर्शियल सिनेमातली खलनायकी म्हणून कोणी याचं विश्लेषण करत नाही, सगळे गांधी नि नंदू करत बसतात. मला तर चिमणरावाची ती चिरकी धांदल करणारा माणूस हा आवाज काढतो यावरच विश्वास बसत नाही.

तिसरी_घंटा

@ओट्यावरचा, मग 'एन्काउंटर' बघ. २००२ चा, अजय फणसेकरांचा, नसीरुद्दीन शहा इन्स्पेक्टर आहे. त्यात हे पुनाप्पा, म्हातारा गुंड. तिथे हसवा फसवीच्या बरोबर उलटं होतं, प्रेक्षकाला माहीतच नसतं. माझ्यासोबत बघणाऱ्या अमराठी मित्राला टायटल्सपर्यंत कळलं नव्हतं की हाच माणूस लगे रहोमध्ये गांधी आहे (त्याने गांधी आधी पाहिला होता).

आणि साळसूद मालिका आठवतेय का कोणाला? तिथला थंड डोक्याचा खलनायक. सज्जन चेहरा कसा वापरायचा याचा क्लासच होता तो.

बदलापूर_फास्ट

गांधी निघालाच आहे तर माझे दोन पैसे. लगे रहो मुन्नाभाईतला गांधी मला आधी फार साधा वाटलेला, म्हणजे काय केलं यात विशेष, टक्कल आणि चष्मा. मग एकदा लक्षात आलं की तो गांधी खरा गांधी नाहीच्चे. तो मुन्नाच्या डोक्यातला आहे, केमिकल लोचा. मुन्नाने लायब्ररीत बसून जेवढं वाचलं तेवढंच त्याला माहीत. म्हणजे इतिहासातल्या गांधींची नक्कल केली असती तर चुकलं असतं, एका टपोरीला जसे बापू दिसतील तसे करायचे होते, गोड, जरा मिश्किल, रागावणार नाहीत असे. बेन किंग्जलेच्या नंतर गांधी करताना ती तुलनाच होऊ दिली नाही यांनी. २००६ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला साहाय्यक अभिनेत्याचा, लगे रहो आणि शेवरी दोन्हीसाठी मिळून.

जुना_पार

शेवरीचं नाव बातम्यांमध्ये कायम गाळलं जातं, तुम्ही घेतलंत, बरं वाटलं. गजेंद्र अहिरेंचा सिनेमा, नीना कुळकर्णी आहेत. शोधून बघा लोकहो.

नेहमीचाच

आलो परत. माझा आक्षेप घ्या आता. लगे रहोनंतर या माणसाचं काय केलं आपण? गोड आजोबा. जाहिरातीत आजोबा, सिरीयलमध्ये आजोबा, सिनेमात गावातला शहाणा म्हातारा येतो, दोन सुविचार टाकतो आणि जातो. पुनाप्पा करणाऱ्या माणसाला किती वर्षं नुसतं गोड ठेवलं! तात्या विंचूलासुद्धा परत बोलावलं ते आवाजापुरतंच.

जुना_पार

@नेहमीचाच, देऊळ (२०११) बघ परत. अण्णा पण वरवर शहाणा म्हाताराच आहे, भाऊंना आणि केश्याला समजावणारा. पण तो हरतो. गावाला देऊळ पाहिजे, दुकानं पाहिजेत, आणि हा हॉस्पिटलचा नकाशा घेऊन बसलेला माणूस हळूहळू कोपऱ्यात ढकलला जातो, शेवटी गावच सोडून जातो. एकही मोठा सीन नाही, आवाज चढत नाही. नाना पाटेकर समोर असताना आवाज न चढवता उभं राहणं सोपं नाही.

मालवणी_खाजा

कुडाळचो मी, तेव्हा दोन शब्द माका बोलाकच होये.

देवळानंतर नारबाची वाडी पण घ्या, २०१३. मनोज मित्रांच्या बंगाली नाटकावरून आहे पण मराठी करताना इतका कोकणात रुजवलाय की बंगाली मूळ आहे हे सांगावं लागतं. खोताला नारबाची वाडी पाहिजे, करार असा की नारबा जिवंत असेपर्यंत खोत दरमहा पैसे देणार आणि मेल्यावर वाडी खोताची, आणि म्हातारा काय मरत नाही. उलट पैसे मिळायला लागल्यावर टवटवीत होतो. हा गोड आजोबा नाही हां, लबाड आहे, झाडांवर जीव असलेला लबाड. आमच्याकडे प्रत्येक वाडीत एक असतो.

आता दशावताराबद्दल. आमची भाषा त्या सिनेमात काही जणांच्या तोंडी पाहुणी वाटते, ते मी तिकडच्या धाग्यावर लिहिलंय, परत भांडत नाही. पण बाबुली रंगायला बसतो ते बघताना मला एक सुचलं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, आणि मग संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर उभं राहून तयार करायचे, हार्मोनियम, पखवाज, झांज यांच्या साथीवर. मेकअपवाला पण नसतो. देवळाच्या आवारात जत्रेच्या रात्री आपापला पेटारा उघडून, हातात छोटा आरसा धरून ज्याने त्याने आपलं तोंड रंगवायचं, बाईचं काम करणाऱ्या पुरुषाने आपली साडी आपण नेसायची. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, कुठल्याही मंडळाचा खेळ असो, पद्धत हीच. आणि सकाळी तोच माणूस शेतात किंवा कामावर.

म्हणजे गवतीचहा म्हणतायत ते 'स्वतःच्या भूमिका स्वतः लिहिणारा नट' हे शहरातल्या नाटकाला कौतुकाचं असेल, दशावतारी जन्मभर तेच करतो. त्यामुळे हा रोल यांच्याकडे जाणं मला बरोबर वाटलं. नुसता सिनियर म्हणून नाही.

गवतीचहा

खाजा, तुम्ही धाग्याचं सोनं केलंत. अर्धं म्हणजे माझंच म्हणणं आहे पण मला हे माहीत नव्हतं.

@नेहमीचाच, गोड आजोबांचा आक्षेप मान्यच आहे. त्यात माझी भर एवढीच, की त्या काळात लिहिणारे प्रभावळकर कमी झाले. अनुदिनी, हसवा फसवी, क्रिकेटवरची 'गुगली', बोक्या सातबंडे ही सगळी आधीची. स्वतः लिहीत होते तेव्हा स्वतःला गोड ठेवत नव्हते, दुसऱ्यांनी लिहिलं तेव्हा ठेवलं.

बदलापूर_फास्ट

हे जरा जास्त होतंय. सत्तरीनंतर पण माणसाने स्वतःच लिहायचं का? इंडस्ट्रीतल्या लेखकांनी काय करायचं मग? साठीच्या वरच्या माणसाला गोष्ट असते हे हिंदीवाल्यांना, मल्याळमवाल्यांना कळलं, आपल्याकडे एखादाच नारबा नाहीतर बाबुली. नीना कुळकर्णी, मोहन आगाशे सगळ्यांचं तेच. आगाशे तर किती दिवस बाकीच्या भाषांतच जास्त दिसायचे.

तिसरी_घंटा

बायोफिजिक्स शिकलेला माणूस आहे हो तो, नोकरी सांभाळून तालमी केलेल्या. 'एका खेळियाने' वाचा, स्वतःच्या भूमिकांबद्दलच पुस्तक आहे. एकेक भूमिका कशी सापडली ते सांगताना कुठेही 'मी कसा महान' नाही, प्रयोगशाळेतल्या नोंदी असतात तसं, हे करून पाहिलं, जमलं नाही, मग ते केलं. नटांनी लिहिलेल्या पुस्तकांत असं फार कमी सापडतं, बाकीच्यांत सत्कार नि दौरेच जास्त.

सॅनहोजेकर

वाचतोय पहिल्यापासून, मस्त धागा. एक प्रॅक्टिकल प्रश्न. मुलगा सात वर्षांचा आहे, मराठी समजतं, वाचता फारसं येत नाही. प्रभावळकर दाखवायचेत तर सुरुवात कशाने करू? बायको म्हणते टिपरे, मी म्हणतो झपाटलेला.

माईची_नात

टिपरे. वहिनी बरोबर आहेत.

ओट्यावरचा

झपाटलेला, पण दुपारी. आणि घरात बाहुला असेल तर आधी माळ्यावर टाका.

जुना_पार

दोन्ही नको, आधी बोक्या सातबंडे वाचून दाखवा रोज रात्री एक गोष्ट. त्याच्यापेक्षा जरासा मोठा मुलगा आहे, त्याला लगेच आवडेल. मग अलबत्या गलबत्याचा प्रयोग तिकडे कधी आला तर न्या.

सॅनहोजेकर

बोक्या मागवतोय, बहीण डिसेंबरात येतेय तिच्या बॅगेत. आणि कोणाकडे नातीगोतीच्या रेकॉर्डिंगची लिंक असेल तर माझ्या विपूत (विचारपुशीत) टाका, ते मुलासाठी नाही, माझ्यासाठी.

शिवडी_लोकल

मलापण.